कमी पैशातला भयपट तालुक्याच्या टॉकीजला लागला, तर पहिल्या तीन दिवसांतच जा

कापूसवेचा

मंडळी, विषय थेट मांडतो. मोठ्या नटांशिवाय, थोडक्या पैशात केलेला भयपट आपल्याकडच्या टॉकीजला लागतो तेव्हा त्याचं आयुष्य शुक्रवार ते रविवार एवढंच असतं. त्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत की सोमवारी पोस्टर बदलतं. आणि आपण म्हणत असतो, "चांगला आहे असं कानावर आलं तर पुढच्या आठवड्यात जाऊ." कानावर येतं तोवर सिनेमा उतरलेला असतो.

माझं मागणं सोपं आहे. यवतमाळ असो, वाशीम असो की गडचिरोली, वर्षातून असे जे दोन-चार सिनेमे आपल्यापर्यंत पोचतात त्यांना पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढून जाऊ या. जमलं तर गावातल्या पाच-दहा जणांना घेऊन.

भयपटच का, असं कोणी विचारेल. कारण पैसा कमी असणं ज्याच्या फारसं आड येत नाही असा सिनेमाचा हा प्रकार आहे. ऐतिहासिक सिनेमाला घोडे लागतात, किल्ले लागतात, हजार माणसं लागतात. भीतीला एक घर पुरतं, एक दार पुरतं आणि दाराआड काय आहे ते लवकर न दाखवण्याची हिंमत लागते. ऑरेन पेलीने 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' स्वतःच्या राहत्या घरात चित्रित केला, खर्च साधारण १५ हजार डॉलर. २००७ मध्ये तयार झालेला सिनेमा २००९ मध्ये सगळीकडे लागला, तोही लोकांनी "आमच्या गावात आणा" अशी ऑनलाइन मागणी नोंदवली तेव्हा. जगभरात त्याने १९ कोटी डॉलरच्या वर कमावले. जॉन कार्पेंटरच्या १९७८ च्या 'हॅलोविन'मधल्या खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंग मारलेला. अर्धं जग त्याला घाबरलं.

आपल्या भाषेतही आहे की. २०१७ चा 'लपाछपी' पाहा. उसाचं शेत, त्यात एक घर, मोजकी माणसं. ऊस तिकडचा, पश्चिम महाराष्ट्राचा. आपल्याकडे तूर आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस आहे. डिसेंबरात तुरीच्या तासात माणूस उभा राहिला तर चार हातांवरून दिसत नाही. त्यावर अजून कोणी सिनेमा का करत नाही? कारण विदर्भाच्या तालुक्यात भयपटाला माणूस येतो हे आपण कधी गल्ल्यावर दाखवून दिलेलं नाही.

मोबाईलवर भयपट पाहणाऱ्यांना एवढंच सांगेन, की तिथे तुमचा अंगठा कायम थांबवायच्या बटणावर असतो. थिएटरात ती सोय नसते, आणि भीती पूर्ण भोगायची असेल तर ती सोय नसणंच लागतं.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, तुमची गोठ आयकाले चांगली हाय. पण मले सांगा, सिनेमा बेकार निंघाला तं? कमी पैशाचा हाय म्हून मी माह्ये पैसे कायले देऊ? तिकीट, पेट्रोल, मधात पोट्ट्यायचं खानं, सारं धरलं तं माह्या एका दिवसाची मजुरी जाते. अन् एक सांगू? हे सिनेमावाले जुलैत सिनेमे लावतेत. जुलैत आमचा पैसा सारा जमिनीत रायते. बियानं, खत, निंदनाच्या बाया. सोयाबीन घरी येते दसऱ्या-दिवाळीच्या टायमाले, कापसाचा पयला येचाबी तवाच. हातात नोटा असल्या तवा लावा, मंग पाहा कसे लोक येतेत. हे पाह्यत नाहीत, अन् मंग म्हनतेत विदर्भात मराठी सिनेमाले पब्लिक नाही.

कापूसवेचा

ठेचाभाऊ, जुलैचा मुद्दा शंभर टक्के खरा. 'लपाछपी'ही १४ जुलैलाच लागला होता. पेरणी, डवरणी, निंदण चालू असताना कोण टॉकीजला जातो? वितरकांनी आपलं पीक पाहून तारीख ठरवायला हवी, निदान आपल्या भागापुरती. सगळीकडे एकाच शुक्रवारी लावलं पाहिजे असा काही कायदा नाही.

"बेकार निघाला तर" याबद्दल. मी भीक घालायला सांगत नाही. ट्रेलर पाहा, त्यात काही दम वाटला तर जा, आणि पाहून आल्यावर जे वाटलं ते खरं लिहा. वाईट असेल तर वाईट लिहा, त्यानेही पुढचा माणूस शहाणा होतो. पण अर्ध्यात उठू नका. जपानमध्ये २०१७ मध्ये 'वन कट ऑफ द डेड' नावाचा सिनेमा झाला, साधारण ३० लाख येनमध्ये. नवखे नट, कार्यशाळेतून निघालेला सिनेमा. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट, आणि तो मुद्दाम ओबडधोबड वाटेल असा. तिथेच उठून गेलेल्या माणसाला पुढे काय होतं ते कळतच नाही. थिएटरात तो आधी दोनच पडद्यांवर होता. पाहिलेल्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, तो दोनशेच्या वर पडद्यांवर गेला आणि त्याने ३ अब्ज येनच्या वर धंदा केला. मोठी जाहिरात नाही, मोठं नाव नाही. बसून पूर्ण पाहिलेल्या माणसांनी तो सिनेमा उचलला.

रात्रपाळी_ऑपरेटर

रिळाच्या काळापासून केबिनमध्ये आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

सिनेमाच्या धंद्यात आपला विदर्भ आजही "सी.पी. बेरार" म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड या वितरणाच्या सर्किटमध्ये मोडतो. तो प्रांत कागदावरून कधीच गेला, धंद्यात नाव राहिलं. रिळाच्या वेळी प्रिंट महाग होती, म्हणून आधी नागपूर, अमरावती, अकोला करून मग काही आठवड्यांनी पेटी आपल्याकडे यायची. उशीर व्हायचा. पण पेटी एकदा आली की सिनेमा आठवडाभर टिकायचा, कारण बदलायचा तर दुसरी पेटी यायला पाहिजे. आता सिनेमा सर्व्हरवर येतो, शोसाठी तो उघडणारी डिजिटल चावी येते, की सुरू. मुंबईच्याच दिवशी आपल्याकडे लागतो हा फायदा. तोटा हा, की शनिवारी दुपारी मालकाने ठरवलं तर संध्याकाळच्या शोला दुसरा सिनेमा चढवता येतो. कापूसवेचा म्हणतात ते तीन दिवस त्यामुळे आहेत. कित्येक ठिकाणी तर दीडच दिवस.

शिवाय डिजिटलवर सिनेमा दाखवायची फी असते, ती बहुतेक वेळा निर्माता-वितरकाच्या अंगावर पडते. मोठ्या सिनेमाला ती कळतही नाही. छोट्या निर्मात्याला वीस-पंचवीस माणसं येणारं सेंटर परवडत नाही, म्हणून तो आपलं नाव यादीतून आधीच काढतो. "आमच्याकडे लागतच नाही" अशी तक्रार ऐकतो तेव्हा मला ही फी आठवते.

आता प्रेक्षकांना सांगायचं ते हे. भयपट आवाजावर चालतो. साउंड प्रोसेसरच्या फेडरची, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाची, ठरलेली जागा ७ आहे, सिनेमाचा आवाज त्या हिशोबानेच मिसळलेला असतो. अनेक टॉकीजमध्ये तो ५ वर असतो, कारण कोणीतरी कधीतरी "कानठळ्या बसतात" म्हणून ओरडलेलं असतं. ५ वर भयपटाचा जीव जातो. पायऱ्यांवरचा पाय, दाराची कडी, लांबचं कुत्रं, हे बारीक आवाज ऐकूच येत नाहीत आणि मग एकदम धडाम् आवाज झाला की लोक हसतात. शो सुरू व्हायच्या आधी केबिनमध्ये निरोप पाठवा, "साहेब, आवाज पूर्ण ठेवा, आम्ही ऐकायला आलोय." ऑपरेटरला असं सांगणारा प्रेक्षक मिळाला की बरं वाटतं, खरंच सांगतो.

दुसरं, बाराच्या शोला दारांच्या फटीतून आणि झरोक्यांतून ऊन आत येतं. लग्नाच्या सिनेमाला चालून जातं, भयपटाला नाही. मालकाला सांगून दारावर दुहेरी काळा पडदा लावून घ्या. फार खर्च नाही. बाजूचे स्पीकर चालू आहेत का तेही विचारा. कोणी विचारत नाही म्हणून ते बंद पडलेले असतात.

जुना_पिटातला

ऑपरेटरसाहेब, तुमचं सगळं पटलं.

तालुक्यात भयपटाला माणूस येत नाही असं जे म्हणतात त्यांनी हिंदीत भयपट करणाऱ्या रामसे बंधूंचा काळ पाहिलेला नाही. १९८४ चा 'पुराना मंदिर' आमच्याकडे लागला तेव्हा पिटात, पडद्याजवळच्या स्वस्त जागेत, बसायला जागा नव्हती, लोक भिंतीला टेकून उभे होते. तो त्या वर्षीच्या सगळ्यात चाललेल्या सिनेमांपैकी एक होता. आणि तो धंदा बराचसा आपल्यासारख्या गावांनी दिला. मुंबईतले लेखक नाकं मुरडत होते.

त्यांचं काम कसं चालायचं हे आजच्या पोरांनी समजून घ्यावं. सात भाऊ. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, कुमार लिहायचे, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीत. सगळं घरातल्या घरात. सुरुवातही कशी, वडिलांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' १९७० मध्ये आपटला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या प्रसंगाला लोक पुन्हा पुन्हा येत होते. भावांनी ते हेरलं आणि १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' केला. पडेल सिनेमातली चालणारी दहा मिनिटं ओळखणं याला नजर लागते. 'पुराना मंदिर'मधला राक्षस सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुरकीचे इंजिनिअर होते, एवढा उंच माणूस शोधून आणला आणि मेकअपचा निम्मा खर्च वाचला असेल.

त्या सिनेमांत बरंच काही टाकाऊही होतं, विनोदी पात्रं तर नकोशी. पण तिकिटाच्या पैशात ते आपल्याला घाबरवायचे, फसवायचे नाहीत.

मंडईची_पोरगी

साकोलीकडची आहे. बायकांच्या बाजूने बोलते, कारण धाग्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

"तालुक्याला जाऊन भयपट पाहा" म्हणता, पण शेवटची एसटी संध्याकाळीच निघून जाते. सहाचा शो सुटेपर्यंत गावाकडे जायला काही उरत नाही. घरचे पाठवत नाहीत, आणि एकट्या-दुकट्या मुलीला जाववतही नाही. यावर उत्तर शोधल्याशिवाय अर्ध्या खुर्च्या रिकाम्याच राहणार.

उत्तर आमच्या झाडीपट्टीतच, म्हणजे पूर्व विदर्भातच, आहे असं मला वाटतं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू झाली की गावोगावी नाटकं लागतात. वडसा म्हणजे देसाईगंज इथल्या कंपन्या येतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. बायका, म्हाताऱ्या, लेकरं, सगळे तिकीट काढून बसतात. दूरच्या गावचे ट्रॅक्टर भरून येतात. कोणी म्हणत नाही की रात्र आहे, बायका कशा जाणार, कारण अख्खा गाव जात असतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना झाडीपट्टीच्या कामासाठी पद्मश्री मिळाली ती या तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या रंगभूमीला मिळाली असं आम्ही मानतो.

म्हणजे आमच्याकडे तिकीट काढायची सवय आहे, रात्री जागायची आहे, घाबरायची तर आहेच. फक्त सिनेमाला आपण एकेकटे जातो. तो नाटकासारखा गावाने मिळून पाहायचा. बचत गटाच्या बायका ठरवून एक पिकअप करू शकतात. आमच्या गटात मी हे बोलले तर पहिला प्रश्न आला, "भुताचा हाय का? मग येतो."

आणि एक अभिमानाची गोष्ट. 'तुंबाड' ज्याने केला त्या राही अनिल बर्वेंना नारायण धारपांची ती गोष्ट पहिल्यांदा एका मित्राकडून कळली ती आमच्या नागझिऱ्याच्या जंगलात. त्या सिनेमाचं बी इथे पडलं. २०१८ मध्ये तो लागला तेव्हा फार लोक गेले नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. सहा वर्षांनी! प्रत्येक सिनेमाच्या नशिबी असा दुसरा शुक्रवार येत नाही.

विवेकवाट

चंद्रपूर जिल्ह्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. धागा मनापासून वाचला, पण माझी काळजी मांडायलाच हवी.

आपल्या भागात भूत-करणी हा करमणुकीपुरता विषय नाही. २०२१ मध्ये जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना भर चौकात बांधून मारहाण झाली, त्यात म्हातारी माणसं होती. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, तरी हे घडतं. साप चावला तर आधी मांत्रिक, मग दवाखाना, असं अजूनही चालतं. अशा गावात पडद्यावर "गावाबाहेर राहणारी विधवा करणी करते" असं दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी खऱ्या गावातल्या खऱ्या बाईकडे लोक कसे पाहतील? याचा विचार निर्माता करत नसेल तर प्रेक्षकाने करावा.

कापूसवेचा

विवेकदादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. यावर माझं मत स्पष्ट आहे: गरीब, एकट्या बाईला चेटकीण ठरवून शेवटी तिला मारण्यात समाधान मानणाऱ्या सिनेमाला माझ्याकडून तिकीट नाही. तो कितीही कमी पैशातला असो, मराठी असो, इथलाच असो.

पण भयपट उलट बाजूनेही उभा राहतो. 'लपाछपी'त खरी भीती भुताची नाही. मुलगी नको म्हणून पोटातच मारणाऱ्या माणसांची आहे. गरोदर बाईला घेऊन उसात शिरलेला तो सिनेमा स्त्रीभ्रूणहत्येबद्दल जे बोलतो ते शंभर फलकांनी होत नाही, कारण फलक वाचून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. असे सिनेमे निवडून त्यांना गर्दी केली तर पुढचा निर्माता तशी गोष्ट शोधेल. गर्दी नसेल तर तो सगळ्यात सोपी, सगळ्यात जुनी गोष्ट उचलेल, आणि ती बहुतेक वेळा चेटकिणीचीच असते.

विवेकवाट

मान्य. माझी एक सूचना. असा शो ठरला तर सिनेमा संपल्यावर टॉकीजच्या अंगणात पंधरा मिनिटं थांबून बोलू या. आमचे कार्यकर्ते येतील. भाषण नाही देणार. घाबरलेला माणूस मोकळेपणी बोलतो, हा आमचा अनुभव आहे.

वर्धेचा_पुण्यात

"ओटीटीवर येईलच" म्हणणाऱ्यांसाठी. मी संकलनाचं काम करतो, आसपास छोटे निर्माते पाहतो. थिएटरात सिनेमा कसा चालला हे पाहून आता ओटीटीवाले भाव करतात. थिएटरात कोणी गेलं नाही तर तिकडेही भाव मिळत नाही, कित्येकदा घेतच नाहीत. म्हणजे तुम्ही ज्या घरबसल्या दिवसाची वाट पाहता तो दिवस थिएटरच्या खिडकीवरच ठरतो.

अजून एक गोष्ट मला सारखी बोचते. 'लपाछपी'वरून २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' झाला. गुजरातीतल्या २०२३ च्या 'वश'वरून हिंदीत 'शैतान' आला, मोठे नट, मोठा धंदा. नवी कल्पना छोट्या भाषेतल्या छोट्या सिनेमाने आणली आणि बहुतेक लोकांनी ती पुन्हा केलेल्या रूपात पाहिली. मूळ सिनेमा लागला होता तेव्हा तिकीट काढणारी माणसं मोजकी होती. त्या मोजक्यांत आपण असावं.

वैनगंगाकाठ

लहान लेकरांना नेऊ नका ही विनंती. नोव्हेंबर २०२४ पासून प्रमाणपत्रावर यूए ७+, १३+, १६+ असं वेगळं येतं. पोस्टरवर बघूनच जा. मागच्या रांगेत चार वर्षांचं पोर रडत असलं की सगळ्यांचंच बिघडतं, पोराचं तर सगळ्यात जास्त.

पांदण_रस्ता

आणि टवाळ पोरांचं काय करायचं? शांत प्रसंग आला की मुद्दाम किंचाळतात.

जुना_पिटातला

किंचाळू द्या हो. घाबरलेलं पोरगं असंच करतं, तोही सिनेमा लागू पडल्याचाच पुरावा. मोबाईलचा टॉर्च मात्र नको. त्यावर मालकाने कडक राहावं, आपणही राहावं.

कापूसवेचा

बऱ्याच गोष्टी हाती लागल्या. आमच्या टॉकीजच्या मालकांना काल भेटलो. ते म्हणाले, शुक्रवारच्या शोची निम्मी तिकिटं आगाऊ घेतली तर सिनेमा रविवार रात्रीपर्यंत उतरवणार नाहीत. तिकीट शंभराच्या आतलं आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के आहे, तेव्हा दर वाढवायचं कारण नाही असं तेच म्हणाले. काळ्या पडद्याचं कापड आम्ही वर्गणीतून देतो म्हटलं, शिवून लावायचं त्यांनी कबूल केलं. आवाजाचं केबिनमध्ये बोलून घेतलं.

सोयाबीन विकून झाल्यावर, दिवाळीनंतर जो पहिला छोटा मराठी भयपट येईल तो धरू. मंडईताई म्हणतात तसं गावागावाने गाड्या करून. ऑपरेटरसाहेब, तुमच्या टॉकीजला असंच करता येईल का?

रात्रपाळी_ऑपरेटर

मालकाशी बोलतो. निम्मी आगाऊ मिळाली तर आमचेही नाही म्हणणार नाहीत. एक करा, वितरकाच्या माणसाला आठवडाभर आधी कळवा की इतकी तिकिटं पक्की आहेत. तो यादी बुधवारपर्यंत ठरवतो. गुरुवारी सांगून उपयोग नाही.

वऱ्हाडी_ठेचा

दिवाळीनंतर म्हनता तं मी हाय. आमच्या गावचे पंधरा-वीस जन येतीन, गाडी माही. पन शो सहाचाच ठेवा. बाराच्या टायमाले आम्ही कापसात रायतो.

मंडईची_पोरगी

सहाचा चालेल. बायकांच्या गाड्या पुढे-मागे लागून निघतील एवढं ठरवा, आणि परतताना कोणत्या गावाला कोण सोडणार ते आधी लिहून ठेवा. ती यादी मी करते.